शर्ली टेंपल : बालतारका ते राजदूत

(अभ्यासपाठ – माध्यमिक वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी, पालकांनीही अवश्य वाचावा)



या अंकातील अभ्यासपाठासाठी आम्ही एका अमेरिकन अभिनेत्रीचे चरित्र निवडले आहे. शाळेच्या पत्रिकेत सिनेमातल्या नटीचे काय काम, असे कुणाला वाटेल. शंका रास्त आहे. पण ही नटी तिसऱ्या वर्षी नाचाच्या वर्गात गेली, सहाव्या वर्षी जगप्रसिद्ध झाली, बाविसाव्या वर्षी तिने चित्रपटसृष्टी सोडली आणि पुढे आपल्या देशाची राजदूत म्हणून दोन देशांत काम केले. तिच्या आयुष्यात इतिहास आहे, नागरिकशास्त्र आहे आणि थोडे गणितही आहे.

दुसरेही एक कारण आहे. दूरचित्रवाणीवरच्या गाण्या-नाचाच्या स्पर्धा, मालिका, जाहिराती आणि आता मोबाइलवरच्या छोट्या चित्रफिती यांत लहान मुले सर्रास दिसतात. मुलात गुण असले की आई-वडिलांना हुरूप येतो, शेजारीपाजारी कौतुक करतात आणि मग शाळेकडे रजेचा अर्ज येतो. अशा वेळी काय करावे याचे एकच उत्तर आमच्याकडे नाही. पण शर्लीची हकिकत माहीत असेल तर निर्णय अधिक डोळसपणे घेता येईल, एवढे नक्की. वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवा : मुलाने कष्ट करून मिळवलेला पैसा कुणाचा?

जन्म आणि पहिली पावले

शर्ली टेंपलचा जन्म २३ एप्रिल १९२८ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सांता मोनिका या गावी झाला. वडील जॉर्ज टेंपल बँकेत नोकरीला होते. आई गर्ट्रूड घर सांभाळत असे. शर्लीला दोन मोठे भाऊ होते. म्हणजे अगदी तुमच्या-आमच्यासारखेच मध्यमवर्गीय घर.

आईला नृत्याची फार हौस. आपल्या मुलीने नाचावे, गावे असे तिला वाटे. १९३१ साली, शर्ली तीन वर्षांची असताना, आईने तिला लॉस एंजेलिसमधील मेग्लिन नृत्यशाळेत घातले. चित्रपटासाठी मुलांचा शोध घेणारी मंडळी अशा शाळांमधून फिरत असत. त्यांच्या नजरेत शर्ली भरली आणि १९३२ पासून ती छोट्या विनोदी चित्रपटांत दिसू लागली. या चित्रपटांची मालिका 'बेबी बर्लेस्क' या नावाने ओळखली जाई. त्यात तीन-चार वर्षांची मुले मोठ्या माणसांच्या भूमिका करत आणि मोठ्या माणसांच्या चित्रपटांची नक्कल करत.

पडद्यावर हे सारे गंमतीचे वाटे. पडद्यामागे काय चाले ते शर्लीने पुढे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'चाइल्ड स्टार' या आत्मचरित्रात लिहिले आहे. चित्रीकरणाच्या वेळी मुलाने दंगा केला किंवा सांगितलेले ऐकले नाही, की त्याला एका काळ्या पेटीसारख्या बंद खोलीत पाठवत. बाहेर आवाज जाऊ नये अशी ती खोली होती आणि आत बसायला होती बर्फाची लादी. मित्रांनो, जरा विचार करा, बालवाडीतल्या वयाच्या मुलांना ही शिक्षा! वेळ वाया गेला तर पैसा वाया जातो, हा धडा तिथे मुलांना असा शिकवला जाई.

मंदीचा काळ आणि एक हसरा चेहरा

शर्ली एवढी लोकप्रिय का झाली हे समजण्यासाठी त्या काळाचा इतिहास पाहावा लागेल. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि अमेरिकेत महामंदी सुरू झाली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. १९३३ पर्यंत परिस्थिती इतकी बिघडली की काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे सुमारे एक माणूस बेकार होता.

अशा वेळी लोकांना करमणुकीचे स्वस्त साधन होते ते म्हणजे सिनेमा. काही सेंट खर्च करून दोन तास दुःख विसरता येई. डिसेंबर १९३३ मध्ये फॉक्स कंपनीने पाच वर्षांच्या शर्लीशी करार केला. पगार आठवड्याला १५० डॉलर. १९३४ साली 'स्टँड अप अँड चिअर', 'लिटल मिस मार्कर' आणि वर्षअखेरीस 'ब्राइट आइज' असे तिचे चित्रपट आले. 'ब्राइट आइज'मधील 'ऑन द गुड शिप लॉलिपॉप' हे गाणे घराघरांत पोचले. त्याच वर्षी तिचा पगार आठवड्याला १,००० डॉलर झाला.

तिच्या बहुतेक चित्रपटांची कथा एकाच साच्याची असे. एक पोरकी किंवा आई-बापांपासून दुरावलेली मुलगी, एक रागीट म्हातारा, भांडणारी माणसे. आणि मुलीच्या निर्मळ हसण्याने सर्वांची मने वितळतात. ज्या देशात लाखो लोकांच्या घरची चूल कशीबशी पेटत होती, त्या देशाला हे हसू हवेहवेसे वाटले यात नवल नाही.

२७ फेब्रुवारी १९३५ रोजी ऑस्कर पुरस्कार समारंभात तिला बालकलाकारांसाठीचा खास पुरस्कार देण्यात आला. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिलीच. मूर्तीही तिच्या हातात मावेल अशी छोटी बनवली होती. तेव्हा तिला सात वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षे ती अमेरिकेत तिकीटबारीवर सर्वांत जास्त गर्दी खेचणारी कलाकार ठरली. मोठमोठे नट-नट्या तिच्या मागे होते. तिच्या नावाच्या बाहुल्या निघाल्या, फ्रॉक निघाले, चित्रांच्या वह्या निघाल्या.

शर्लीचा दिवस

आता पडद्यामागची शर्ली पाहू. तिचे कुरळे केस जगप्रसिद्ध होते. ते तसे दिसावेत म्हणून आई रोज रात्री केसांच्या बटा वळून पिना लावी. बटांची संख्या ठरलेली : बरोबर ५६. झोपण्यापूर्वी आई दुसऱ्या दिवसाचे संवाद वाचून दाखवी आणि शर्ली ते ऐकून पाठ करी. तिची स्मरणशक्ती अशी, की स्वतःच्याच नव्हे तर इतरांच्या ओळीही तिला येत आणि एखादा मोठा नट अडखळला की ही चिमुरडी त्याला शब्द सुचवी! चित्रीकरण सुरू होताना आई 'चमक दाखव, शर्ली' अशा अर्थाचे शब्द बोले आणि मुलगी खरोखरच चमके.

शाळेचे काय? शर्ली शाळेत जात नव्हती. कंपनीच्या आवारात तिच्यासाठी एक छोटा बंगला होता आणि शिकवायला खास शिक्षिका होत्या. बालकलाकारांना दिवसातून तीन तास शिकवले पाहिजे, असा कॅलिफोर्नियाचा दंडक होता. चित्रीकरणाच्या दोन प्रसंगांच्या मध्ये वेळ मिळेल तशी ही शाळा भरे. अभ्यासात शर्ली हुशार होती. पण वर्गमैत्रिणी नाहीत, मधली सुट्टी नाही, डबा वाटून खाणे नाही. शाळा म्हणजे फक्त धडे नव्हेत हे तुम्हां विद्यार्थ्यांना आम्ही काय सांगावे!

आणखी एक गोष्ट. लहान मूल जितके लहान तितके कौतुक जास्त, असा कंपनीचा हिशेब. म्हणून तिचे वय एका वर्षाने कमी सांगितले जाई. जन्मसाल १९२८ ऐवजी १९२९. गंमत म्हणजे हे खुद्द शर्लीलाही ठाऊक नव्हते. तेराव्या वाढदिवसाच्या वेळी तिला आपले खरे वय कळले. आयुष्यातले एक वर्ष कुणी परस्पर कमी केले, हे कळल्यावर मुलीला काय वाटले असेल?

जिन्यावरचा नाच

१९३५ सालच्या 'द लिटल कर्नल' या चित्रपटातील एक प्रसंग चित्रपटांच्या इतिहासात नोंदला गेला आहे. सहा वर्षांची शर्ली आणि वयाने तिच्याहून पन्नास वर्षांनी मोठे असलेले कृष्णवर्णीय नर्तक बिल रॉबिन्सन एका जिन्यावर पायांचा ताल धरत नाचतात. 'टॅप' नावाच्या या नृत्यात बुटांच्या तळव्यांना लावलेल्या धातूच्या पट्ट्यांनी ताल वाजवतात. रॉबिन्सन या नृत्यातील नामांकित उस्ताद. शर्ली त्यांना बिलीकाका म्हणे. त्यांच्याकडून ती ताल कानांनी ओळखायला शिकली.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, चित्रपटगृहातल्या जागाही वेगळ्या होत्या. गोरी मुलगी आणि कृष्णवर्णीय पुरुष एकत्र नाचताना दाखवणारा हा अमेरिकन चित्रपटांतील पहिलाच प्रसंग मानला जातो. दोघांनी हात धरल्याची दृश्ये दक्षिणेत कापून टाकली गेली. या दोघांनी एकूण चार चित्रपटांत एकत्र काम केले. अर्थात रॉबिन्सन यांच्यासारख्या कलावंताला त्यांत नोकराच्या किंवा गुलामाच्याच भूमिका मिळाल्या, हेही विसरता येत नाही. कला माणसांना जवळ आणते हे खरे. पण समाजातल्या भिंती एका नाचाने पडत नाहीत, हेही तितकेच खरे.

भारताशी शर्लीचा एक दुवा आहे. १९३७ साली जॉन फोर्ड यांनी दिग्दर्शित केलेला 'वी विली विंकी' हा तिचा चित्रपट रडयार्ड किपलिंगच्या कथेवर आधारलेला असून ब्रिटिश राजवटीतील वायव्य सरहद्दीवर घडतो. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियातच झाले. इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी त्या वेळी आपला देश कसा पाहिला, याचा नमुना म्हणून मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांनी तो पाहायला हरकत नाही.

टाळ्या थांबतात तेव्हा

मूल वाढणारच. पण प्रेक्षकांना वाढलेली शर्ली नको होती. १९३९ सालच्या 'द लिटल प्रिन्सेस' या रंगीत चित्रपटाचे स्वागत चांगले झाले. पण १९४० मध्ये 'द ब्लू बर्ड' आणि 'यंग पीपल' हे दोन्ही चित्रपट पडले. त्याच वर्षी तिचा फॉक्स कंपनीशी संबंध संपला. तेव्हा ती बारा वर्षांची होती. ज्या वयात आपली मुले सातवीत असतात, त्या वयात ही मुलगी 'पूर्वीची प्रसिद्ध अभिनेत्री' झाली!

आमच्या मते तिच्या आई-वडिलांनी या वेळी एक फार चांगली गोष्ट केली. त्यांनी तिला वेस्टलेक या मुलींच्या शाळेत घातले. पहिल्यांदाच ती समवयस्क मुलींबरोबर बाकावर बसली. मधूनमधून चित्रपट चालू होते. 'सिन्स यू वेंट अवे' (१९४४), 'द बॅचलर अँड द बॉबी-सॉक्सर' (१९४७), 'फोर्ट अपाची' (१९४८) यांत तिने तरुण मुलीच्या भूमिका केल्या. पण पूर्वीचे यश परत आले नाही. १९४५ साली, सतराव्या वर्षी, तिने अभिनेता जॉन एगार यांच्याशी लग्न केले. ते टिकले नाही. १९५० मध्ये तिने चार्ल्स ब्लॅक यांच्याशी विवाह केला आणि चित्रपटांतून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले.

पैशाचा हिशेब

याच सुमारास शर्लीने आपल्या कमाईचा हिशेब तपासला. लहानपणापासून तिने मिळवलेली रक्कम सुमारे ३२ लाख डॉलर होती. शिल्लक किती निघाली? सुमारे ४४ हजार डॉलर.

गणिताच्या विद्यार्थ्यांनी वही उघडावी. ४४,००० ला १०० ने गुणून ३२,००,००० ने भागा. उत्तर येते १.३७५. म्हणजे शंभर डॉलर मिळवले त्यांपैकी दीड डॉलरही मुलीच्या वाट्याला उरला नव्हता.

बाकीचा पैसा कुठे गेला? मोठे घर, नोकरचाकर, नातेवाइकांचा सांभाळ आणि वडिलांनी केलेल्या, पण फसलेल्या गुंतवणुकी. कमाईचा काही भाग मुलीच्या नावे विश्वस्त निधीत भरायचा होता, तोही भरला गेला नव्हता. येथे लक्षात घ्या, वडील दारुडे नव्हते, जुगारी नव्हते. ते बँकेत काम केलेले, मुलीवर प्रेम करणारे गृहस्थ होते. शर्लीनेही त्यांच्याविषयी आत्मचरित्रात कटुता ठेवलेली नाही. तेव्हा हा प्रश्न केवळ वाईट आई-बापांचा नाही. घरात मूल मिळवू लागले की सगळ्या घराचा खर्च त्याच्या अंगावर कसा हळूहळू सरकतो, याचे हे उदाहरण आहे. आज एक हप्ता, उद्या एक गाडी, परवा एखाद्या नातेवाइकाची अडचण. आणि वही कुणी लिहीत नाही.

जॅकी कूगन आणि कायदा

अशी गत झालेली शर्ली एकटीच नव्हती. तिच्याआधी जॅकी कूगन नावाचा एक बालनट होऊन गेला. १९२१ साली चार्ली चॅप्लिन यांच्या 'द किड' या मूकपटात चॅप्लिनबरोबर जे गोड पोर दिसते, तोच हा. त्याने तीस ते चाळीस लाख डॉलर मिळवले असावेत असा अंदाज केला जातो. सज्ञान झाल्यावर त्याने पैसे मागितले तेव्हा आई आणि सावत्र बाप यांनी ते देण्यास नकार दिला. १९३८ साली तो न्यायालयात गेला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाची कमाई ही पालकांची मालमत्ता मानली जाई. अखेर त्याच्या हाती सुमारे १ लाख २६ हजार डॉलर आले.

या खटल्याने लोक हळहळले आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने बालकलाकारांच्या संरक्षणासाठी कायदा केला. तो 'कूगन कायदा' म्हणूनच ओळखला जातो. पण त्यात पळवाटा होत्या. शर्लीला त्याचा पुरेसा उपयोग झाला नाही, हे आपण पाहिलेच. पुढे कायद्यात सुधारणा झाली आणि १ जानेवारी २००० पासून बालकलाकाराच्या एकूण कमाईपैकी १५ टक्के रक्कम त्याच्या नावे वेगळ्या खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. शिवाय कमाई ही मुलाची मालमत्ता आहे, पालकांची नव्हे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. एका मुलाच्या दुःखापासून त्या तत्त्वापर्यंत पोचायला साठ वर्षे लागली.

दुसरे आयुष्य

आतापर्यंत आम्ही शर्लीला 'ती' म्हटले. आता त्यांचा उल्लेख आदरार्थी करायला हवा, कारण यापुढची कामगिरी त्यांनी स्वतः निवडलेली आहे.

शर्ली टेंपल ब्लॅक यांनी संसार केला, तीन मुले वाढवली. १९५८ ते १९६१ या काळात त्यांनी दूरचित्रवाणीवर मुलांसाठी गोष्टींचा कार्यक्रम सादर केला. त्यांच्या एका भावाला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा दुर्धर आजार झाला होता. त्या आजाराच्या रुग्णांसाठी झटणारा आंतरराष्ट्रीय महासंघ उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्याच कामासाठी ऑगस्ट १९६८ मध्ये त्या चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्राग येथे गेल्या होत्या, आणि नेमके तेव्हाच सोव्हिएत रणगाडे त्या शहरात शिरले. एका छोट्या देशाचे स्वातंत्र्य चिरडले जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

१९६७ मध्ये त्यांनी अमेरिकन संसदेची निवडणूक लढवली आणि त्या हरल्या. लहानपणी सारा देश ज्यांच्या पायांशी होता त्यांना मतदारांनी नाकारले. तरी त्या घरी बसल्या नाहीत. १९६९ साली त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अमेरिकेच्या प्रतिनिधी झाल्या. १९७४ ते १९७६ या काळात आफ्रिकेतील घाना देशात राजदूत होत्या. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राजशिष्टाचार विभागाच्या प्रमुखपदी नेमल्या गेलेल्या त्या पहिल्याच महिला. आणि १९८९ मध्ये त्या राजदूत म्हणून पुन्हा प्रागला गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या जनतेने रक्तपात न करता हुकूमशाही राजवट उलथून टाकली. एकवीस वर्षांपूर्वी ज्या रस्त्यांवर रणगाडे पाहिले, त्याच रस्त्यांवर त्यांनी स्वातंत्र्याचा जल्लोष पाहिला. १९९२ पर्यंत त्या तिथे होत्या.

आमच्या भगिनींसाठी एक प्रसंग मुद्दाम सांगावासा वाटतो. १९७२ साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्या काळी अमेरिकेतसुद्धा या आजाराचे नाव चारचौघांत घेत नसत. शस्त्रक्रियेनंतर शर्लीबाईंनी रुग्णालयातूनच वार्ताहरांशी उघडपणे बोलून स्त्रियांना सांगितले की लाजू नका, भिऊन घरात बसू नका, वेळेवर डॉक्टरकडे जा. प्रसिद्धीचा याहून चांगला उपयोग कोणता?

१० फेब्रुवारी २०१४ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे कॅलिफोर्नियात निधन झाले.

आपल्याकडचे नियम

आता आपल्या देशाकडे वळू. बालमजुरी प्रतिबंधक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. परंतु चित्रपट, मालिका, जाहिराती यांत कलाकार म्हणून काम करण्यास काही अटींवर सूट आहे. मुख्य अट अशी की मुलाच्या शालेय शिक्षणावर परिणाम होता कामा नये. २०१७ सालच्या नियमांत पुढील तरतुदी आहेत :

१. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही.
२. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली पाहिजे.
३. मुलाच्या शिक्षणात खंड पडू नये याची सोय केली पाहिजे. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही.
४. दर पाच मुलांमागे, त्यांची काळजी घेणारी किमान एक जबाबदार व्यक्ती असली पाहिजे.
५. मुलाच्या कमाईतील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेव म्हणून थेट जमा झाली पाहिजे. ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते.
६. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला काम करायला लावता येत नाही.

पालकहो, ही यादी कापून जपून ठेवा. कुणी 'आमच्याकडे असले काही लागत नाही' म्हणाला, तर तिथूनच परत फिरावे.

पालकांशी आणि विश्वस्तांशी दोन शब्द

आपली शाळा एका विश्वस्त मंडळामार्फत चालते. विश्वस्त या शब्दाचा अर्थ काय? दुसऱ्याची वस्तू त्याच्यासाठी सांभाळणारा. शाळेची इमारत, देणगीदारांनी ठेवलेल्या ठेवी, ग्रंथालयातली पुस्तके यांतले काहीच विश्वस्तांच्या मालकीचे नाही. पण त्याचा जमाखर्च त्यांना दरवर्षी सभेपुढे ठेवावा लागतो. महाराष्ट्राबाहेर राहून आपल्या वाडवडिलांनी मराठी शाळा उभ्या केल्या आणि टिकवल्या, त्या याच हिशेबाच्या जोरावर.

आम्हांस असे वाटते की मिळवत्या मुलाचे आई-वडील हेही त्याचे विश्वस्तच असतात. पैसा त्याचा, वेळ त्याचा, बालपणही त्याचे. जॉर्ज टेंपल यांच्या मनात खोट नव्हती. त्यांच्याकडे हिशेबाची वही नव्हती आणि ती मागणारे कुणी नव्हते. वही प्रेम कमी झाल्यामुळे ठेवायची नसते, प्रेमामुळे डोळेझाक होऊ नये म्हणून ठेवायची असते.

पैशाचे पुस्तक तरी भरून काढता येते. वेळेचे येत नाही. शर्लीबाईंना अठ्ठेचाळीस वर्षांनंतर आत्मचरित्र लिहिता आले, पण मधल्या सुट्टीतला लंगडीचा डाव मात्र नाही. म्हणून विश्वस्त मंडळाला आमची नम्र सूचना आहे. विद्यार्थ्याला चित्रीकरणासाठी किंवा स्पर्धेसाठी दीर्घ रजा देताना अर्जासोबत तीन गोष्टी मागाव्यात : निर्मात्याने घेतलेल्या परवानगीची प्रत, बुडणाऱ्या अभ्यासाची योजना आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या चार ओळी, की हे काम त्याला स्वतःला करायचे आहे. तिसरा कागद सर्वांत महत्त्वाचा.

हे वाचून कुणी स्नेहसंमेलनात भाग घेणे सोडू नये! शाळेच्या रंगमंचावर नाचा, गा, नाटके करा. तिथे चुकले तर बर्फाची लादी नाही. बाई पुन्हा एकदा करून घेतात, एवढेच. गुण असतील ते इथेही फुलतात. पुढे कुणी खरोखर मोठा कलाकार झाला तर आम्हां सर्वांना अभिमानच वाटेल. मात्र बारावे वर्ष संपल्यावरही आयुष्य बरेच उरते, आणि त्यासाठी शिक्षण लागते, हे शर्ली टेंपल यांच्याकडून शिकावे. टाळ्या थांबल्यानंतरची साठ-सत्तर वर्षे त्यांनी जशी कामी लावली, तशी लावता यावीत यासाठीच शाळा असते.

स्वाध्याय

१. महामंदीच्या काळात शर्लीचे चित्रपट लोकांना का आवडले? पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. 'द लिटल कर्नल'मधील जिन्यावरचा नाच महत्त्वाचा का मानला जातो? त्या प्रसंगाने काय साधले आणि काय साधले नाही?
३. गणित : एका बालकलाकाराला एका मालिकेचे ६०,००० रुपये मिळाले. भारतीय नियमाप्रमाणे किमान किती रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत गेली पाहिजे? कॅलिफोर्नियाच्या १५ टक्क्यांच्या नियमाने किती गेली असती?
४. जॅकी कूगनच्या वेळी मुलाची कमाई कुणाची मानली जाई? आज काय मानतात? हा बदल तुम्हांला योग्य वाटतो का? कारणे द्या.
५. उपक्रम : प्राग शहर नकाशात शोधा. १९६८ आणि १९८९ या दोन वर्षांत तिथे काय घडले त्याची माहिती ग्रंथालयातून मिळवून भित्तिपत्रकासाठी लिहा.
६. घरी आई-वडिलांबरोबर चर्चा करा : 'मला एखाद्या मालिकेत काम मिळाले तर आपण कोणत्या अटी ठेवू?' ठरलेल्या अटी वहीत लिहून वर्गशिक्षकांना दाखवा.